आपल्या मालाची पाटी आपणच लिहावी

(सोलापुरातील विणकर, शिंपी, कुंभार, लोहार व शेतकरी बंधुभगिनींच्या सभेत झालेले भाषण)



बोलणाऱ्याची बोरे खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, ही म्हण आपल्या आज्यापणज्या बाजारात बसून शिकल्या. आपले सोलापूर हे न बोलणाऱ्या गव्हाचे गाव आहे. चादर आपण विणतो, टॉवेल आपण विणतो, शाळेच्या पोरांचे गणवेश आपण शिवतो, शेंगांची चटणी आपल्या घरच्या बाया कुटतात, मंगळवेढ्याची ज्वारी आणि सांगोल्याचे डाळिंब आपण पिकवतो. पण ह्या मालावर नाव कोणाचे? पेठेतल्या पाटीवर अक्षरे कोणाची? माग चालविणाऱ्याचे नाव त्याच्या गल्लीच्या तोंडाशी ठाऊक नसते, आणि त्याच्या हातची चादर परमुलखात दुसऱ्याच्या नावाने विकली जाते. मधला दलाल चार शब्द मोठ्याने बोलतो म्हणून चार पैसे जास्त घेतो. आपण बोलत नाही म्हणून त्याने ठेवलेल्या भावाला मान डोलावतो.

म्हणून आज मी पाटीविषयी बोलणार आहे. दुकानावरची पाटी, भिंतीवरची जाहिरात, रस्त्याच्या कडेचा मोठा फलक, ह्या सर्वांस मी पाटीच म्हणतो. कोणी म्हणेल, हा विषय शेटजींचा. आम्हां कष्टकऱ्यांना त्याचे काय? तर लक्षात ठेवा, जोतीराव फुले बांधकामाचे ठेके घेत असत. धंदा नीट करणे आणि समाजाचे काम करणे ह्यांत त्यांना विरोध दिसला नाही. आपल्या बापजाद्यांना शेकडो वर्षे अक्षरापासून दूर ठेवले गेले. पुढे कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यास 'दीनबंधु' काढला, मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून 'दीनमित्र' चालविला आणि तोही तरवडीसारख्या खेड्यातून. त्यांनी आपल्याला एवढे दाखवून दिले की छापलेले अक्षर ही कोणा एका जातीची मिरास नव्हे. आता अक्षर आपल्या हाती आहे. ते आपण कशासाठी वापरतो, हा आजचा प्रश्न आहे.

जरा चौकात उभे राहून वर पाहा. कोणाचा वाढदिवस, कोणाची निवड, कोणाचे स्वागत! मध्ये एक मोठा चेहरा आणि त्याच्या खाली पंचवीस लहान चेहरे. त्या पंचवीस चेहऱ्यांत आपल्याच घरातले पोर असते. बापाच्या मागाला पाटी नाही, आईच्या चटणीच्या डब्याला चिठ्ठी नाही, आणि पोरगा वर्गणी देऊन पुढाऱ्याच्या फलकावर टिकलीएवढे तोंड लावून घेतो! तेवढ्याच पैशांत घरच्या दारावर चांगली पाटी लागली असती आणि ती पाच वर्षे गिऱ्हाईक आणीत राहिली असती. पुढाऱ्याचा फलक चार दिवसांत उतरतो, आणि त्या चार दिवसांतही त्या पोराच्या घरात एक दमडी येत नाही.

आता पाटी कशी असावी ते पाहू. शहाण्या माणसाने पाटी करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: ही वाचणारा कोण, आणि त्याला वेळ किती? आपण घरात कागद पुढे ठेवून मजकूर लिहितो. आपल्याला वाटते, वाचणाराही असाच मांडी घालून वाचील. पण तो तर रस्त्याने चाललेला असतो! हिशोब करा. पुण्याच्या रस्त्याने ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे ५५ फूट पुढे जाते. तुमचा फलक तिला ३०० फुटांवरून दिसू लागला, तर साडेपाच सेकंदांत ती फलकाजवळून निघून गेली. तेवढ्यात चालकाला समोर पाहायचे आहे, आरसा पाहायचा आहे, आडव्या येणाऱ्या म्हशीला वाचवायचे आहे. तुमच्या वाट्याला दोन-तीन सेकंद आले तरी पुष्कळ. तेवढ्या वेळात माणूस पाच-सात शब्द वाचतो, त्याहून अधिक नाही.

चांगली पाटी पाहण्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. रस्त्याच्या कडेचा किलोमीटरचा दगड पाहा. वर रंगाची टोपी, खाली पांढऱ्यावर काळे अक्षर: 'पंढरपूर', आणि त्याखाली एक आकडा. वाटसरूला जे पाहिजे तेच तो सांगतो, आणि अंधाऱ्या पावसातही सांगतो. त्या दगडावर जर 'सार्वजनिक बांधकाम खाते आपले सहर्ष स्वागत करीत आहे' असे लिहून कोपऱ्यात बारीक अक्षरांत पंढरपूर घातले असते, तर किती वारकरी वाट चुकले असते! तीच गोष्ट एसटीच्या कपाळावरच्या पाटीची. बाजाराच्या गर्दीत, डोक्यावर गाठोडे घेतलेली म्हातारी ती पाटी लांबून पाहते आणि धावत सुटते. तुमची पाटी त्या म्हातारीला कळली पाहिजे. तिला कळली म्हणजे सर्वांना कळली.

आता नेहमीची आपली पाटी डोळ्यांपुढे आणा. वर देवाचे नाव आणि पुढे 'प्रसन्न'. त्याखाली आजोबांचे नाव, बापाचे नाव, 'आणि सन्स'. मग 'आमचे येथे सर्व प्रकारच्या चादरी, टॉवेल, नॅपकिन, बेडशीट, सतरंज्या होलसेल व किरकोळ दरात योग्य भावात मिळतील'. मग तीन फोन नंबर. मग 'एक वेळ अवश्य भेट द्या'. मग पत्ता, 'अमक्या बँकेच्या मागे, तमक्या दवाखान्यासमोर'. बाजूला मालकाचा फोटो, दुसऱ्या बाजूला एका पाश्चात्त्य बाईचा फोटो. तिचा आपल्या चादरीशी काय संबंध ते तिलाच ठाऊक! ही पाटी झाली की बखर झाली? देवाविषयी ज्याची त्याची श्रद्धा त्याच्या घरी असो. पण देवाला तुमच्या पाटीवर जागा नको आहे. जागा तुमच्या चादरीला पाहिजे आहे. आणि पाटी लावण्याचा मुहूर्त भटजीला दक्षिणा देऊन काढणारे, दुकानाच्या नावाचे आद्याक्षर राशीवरून ठरविणारे आपल्यात कमी नाहीत. पण ती पाटी शंभर पावलांवरून वाचता येते का, हे शेजाऱ्याच्या पोराला विचारणारा मात्र विरळा. मुहूर्ताने गिऱ्हाईक येत नाही. पाटी वाचता आली तर येते.

तर पहिला नियम: पाटीने एकच गोष्ट सांगावी. तुमच्या धंद्यात दुसऱ्याजवळ नाही असे एक काय आहे ते शोधा. एकाची चादर दहा वर्षे धुऊन विटत नाही. एकाकडे गिऱ्हाइकाच्या देखत मागावर विणतात. एक शिंपी गणवेश एका दिवसात देतो. एका कुंभाराचा माठ चैत्र-वैशाखात पाणी गारेगार ठेवतो. ते एक सांगा आणि बाकीचे गिळून टाका. 'सोलापुरी चादर. मागावरून थेट.' एवढ्या चार शब्दांत माल आला आणि दलाल नाही हेही आले. राहिले काय? जागा. 'पुढे डावीकडे' किंवा एक बाण. झाली पाटी. भाव, सवलत, वडिलांचे नाव, हे सर्व गिऱ्हाईक दुकानात आल्यावर तोंडाने सांगावे. पाटीचे काम गिऱ्हाइकाला दारापर्यंत आणण्याचे. विकण्याचे काम तुमचे.

दुसरा नियम अक्षरांचा. रंगाऱ्यांचा जुना अंदाज असा आहे की १० फुटांवरून सुखाने वाचायला अक्षर १ इंच उंच पाहिजे. म्हणजे गल्लीतल्या दुकानासाठी, जेथे माणूस ४०-५० फुटांवरून पाहतो, तेथे चार-पाच इंचांचे अक्षर पुरे. हमरस्त्यावर ३०० फुटांवरून वाचायचे तर ३० इंच पाहिजे. आता २० फूट रुंद आणि १० फूट उंच फलक घ्या. त्यावर ३० इंचांची अक्षरे एका ओळीत जेमतेम आठ बसतील, आणि वरखाली मोकळी जागा सोडली तर ओळी दोन, फार तर तीन. 'सोलापुरी चादर' ही एक ओळ झाली. बघा, गणितच तुम्हाला थोडक्यात बोलायला लावते! जो ह्या फलकावर साठ शब्द लिहितो, तो भाडे साठ शब्दांचे देतो आणि वाचला एकही जात नाही.

आपल्या बाळबोध लिपीची एक अडचण ध्यानात ठेवा. वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरे. लांबून पाहताना प्रथम हेच बारीक अवयव नाहीसे होतात आणि 'पुरी'ची 'परी' होते. म्हणून दोन ओळींत अंतर भरपूर ठेवा, अक्षर जाड ठेवा, शिरोरेषा सरळ ठेवा. अक्षराला सावली, अक्षराला ज्वाळा, अक्षराला वेलबुट्टी हा शृंगार लग्नपत्रिकेत शोभेल. रस्त्यावर तो अक्षराला खातो. आणि शब्दही सोपे निवडा. 'वस्त्रोद्योग' म्हणू नका, 'कापड' म्हणा. 'पादत्राणे' म्हणू नका, 'वहाणा' म्हणा. बोजड शब्दात जोडाक्षरेही अधिक आणि तो कळतोही थोड्यांना. पंडिती भाषा सोडून घरची भाषा बोला असे आपल्या चळवळीचे लोक पहिल्यापासून सांगत आले. पाटीच्या बाबतीत डोळेही तेच सांगतात.

रंगाचेही तसेच. पिवळ्यावर काळे, पांढऱ्यावर काळे, गडद निळ्यावर पांढरे, हे लांबून उठून दिसते. भाड्याच्या मोटारीची नंबरपाटी पिवळ्यावर काळी आहे ती उगीच नव्हे. लालावर हिरवे किंवा आकाशी रंगावर पांढरे घालाल तर दुपारच्या सोलापुरी उन्हात काहीच दिसणार नाही. रंग दोन पुरेत, तीन झाले तरी चालतील. इंद्रधनुष्य काढू नये.

चित्राविषयी दोन शब्द. आपल्याकडे गिरण्यांच्या काळात ठाणावर चित्राची चिठ्ठी लावीत. कोणाचा घोडा, कोणाचा हत्ती. वाचता न येणारी बाई 'घोडा छाप दे' म्हणून मागून घेई आणि दुकानदाराला तिला फसविणे कठीण जाई. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपेट्यांवर चिन्हे लावली ती ह्याच कारणाने. अक्षरशून्य माणसालाही आपले मत ओळखता यावे म्हणून. ज्या देशाने चित्र पाहून राज्यकर्ते निवडले, त्या देशात चित्र पाहून चादर निवडली जाणार नाही काय? पण चित्र एकच असावे, मोठे असावे आणि मालाचे असावे. चादरीचे काठ आणि तिच्यावरचा नक्षीचा मोर लांबून ओळखू येतो. कोणा नटीचा चेहरा तुमचे काहीही सांगत नाही.

आपल्या शहरात आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे भाषा. पूर्व भागात तेलुगू बोलणारे आपले पद्मशाली विणकर बंधू आहेत, अक्कलकोटकडे कानडी चालते, उर्दू बोलणारे बंधू आहेत, आणि मराठी सर्वांची. कायद्याप्रमाणे महाराष्ट्रातल्या प्रत्येक दुकानावर, ते कितीही लहान असो, मराठी देवनागरी पाटी पाहिजे, आणि ती अक्षरे दुसऱ्या कोणत्याही लिपीपेक्षा लहान असता कामा नयेत. २०२२ सालच्या दुरुस्तीने लहान दुकानेही ह्यात आली. ह्या नियमाचे ओझे वाटण्याचे कारण नाही. मराठी पाटी हीच आपल्या बहुतेक गिऱ्हाइकांची पाटी आहे. पण अक्कलकोटच्या रस्त्यावर एक कानडी ओळ घातली, तर सीमेपलीकडून आलेल्या शेतकऱ्याला ती हाक वाटेल. मात्र एकाच फलकावर चार लिप्यांची भेळ करू नका. ज्या रस्त्यावर जो माणूस चालतो, त्याच्या भाषेत बोला.

तिसरा नियम जागेचा आणि वेळेचा. पाटी जिथे जागा स्वस्त मिळते तिथे लावू नये; जिथे तुमचे गिऱ्हाईक गाडी हळू करते तिथे लावावी. वळण, चढ, रेल्वेचे फाटक, टोलनाका, चहाचे हॉटेल, ही पाटीची घरे होत. दुकान ओलांडून गेल्यावर दिसणारी पाटी म्हणजे वरात गेल्यावर वाजलेला ताशा. आणि वळण घ्यायला वेळ मिळेल इतकी आधी लावा. पावसाळ्यापूर्वी जागा पाहाल तर श्रावणात समोरच्या लिंबाला किती पाला येईल हे आधी पाहून घ्या. पाटीसाठी झाड तोडणारा माणूस आपल्यात नसावा.

वेळेचे म्हणाल तर आपला जिल्हा यात्रांचा जिल्हा आहे. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वराचा गड्डा भरतो, आषाढी-कार्तिकीला पंढरीची वाट माणसांनी फुलून जाते, कोजागरीला सोलापुरावरून तुळजापूरला हजारो लोक पायी जातात. पायी जाणारा माणूस गाडीतल्या माणसासारखा घाईत नसतो. त्याच्यासाठी लहान पाटी पुरते, आणि तिच्यावर चार शब्द जास्त चालतात. गणवेश शिवणाऱ्याने मे महिन्यात बोलावे. जूनमध्ये शाळा उघडल्यावर बोलून काय उपयोग? चादर-टॉवेलवाल्याने लग्नसराईच्या आधी आणि थंडी सुरू होण्यापूर्वी बोलावे. पेरणीची वेळ जशी आपण पाळतो, तशी जाहिरातीची पाळावी. वापसा गेल्यावर टाकलेले बी आणि हंगाम गेल्यावर लावलेली पाटी सारखीच.

कोणी म्हणेल, मोठ्या फलकाचे भाडे आम्हाला कोठून झेपणार? त्यालाही तोड आहे. अमेरिकेत बर्मा-शेव ह्या नावाचे दाढीचे मलम विकणाऱ्या लहानशा मंडळीने १९२५ साली रस्त्याच्या कडेला शेतांतून छोट्या छोट्या लाकडी पाट्या एकामागून एक लावल्या. एका पाटीवर दोन-चार शब्द, थोड्या अंतरावर पुढचे दोन-चार, अशी यमक जुळवून केलेली गंमत. शेवटच्या पाटीवर मालाचे नाव. लोक गाडीत बसून पुढची पाटी केव्हा येते म्हणून वाट पाहत. सुमारे चाळीस वर्षे ही युक्ती चालली. आपल्याला ती का साधू नये? यमक जुळविण्यात जात्यावर ओव्या गाणारी आपली आजी त्या अमेरिकनाला हार जाणार नाही! आपल्या किंवा भाऊबंदाच्या शेताच्या कडेला, रीतसर परवानगी घेऊन, चार लहान पाट्या. सरकारी रस्त्याच्या हद्दीत मात्र खुंटी ठोकू नये.

आता पाटी कोणाकडून करून घ्यावी? फ्लेक्सचे यंत्र आले आणि आपले रंगारी घरी बसले. प्लॅस्टिकचा तो ताव दोन पावसाळ्यांत फाटतो, मग गटारात जातो आणि कुजत नाही. जे शहर कापड विणून जगते, त्याने आपली जाहिरात प्लॅस्टिकवर करावी, ह्याला काय म्हणावे! गल्लीतल्या दुकानाला पत्र्यावर हाताने रंगविलेली पाटी घ्या, चार दिवसांच्या जत्रेला आपल्याच जाड कापडाचा फलक घ्या. कापडाचा फलक ही स्वतःच तुमच्या मालाची बानगी आहे. आणि रंगाऱ्याला हलका समजू नका. कोल्हापूरचे बाबूराव मिस्त्री १८९० साली कारागिराच्या घरात जन्मले. कोणत्याही चित्रशाळेत न जाता ते नाटकांचे पडदे रंगवू लागले. १९२० साली त्यांनी 'सैरंध्री' हा मूकपट काढला आणि आपल्या चित्रपटांचे भव्य फलकही ते स्वतः रंगवीत. लोकांनी त्यांना बाबूराव पेंटर हे नाव दिले. त्यांच्या हुनराचे नाव हेच त्यांचे आडनाव झाले. आणि आपल्याच जिल्ह्यात, पंढरपूरला, १९१५ साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरीत होते. पुढे साऱ्या जगाने त्यांना चित्रकार म्हणून मानले. फलक रंगविण्याचे काम हे असे हाताचे आणि डोक्याचे काम आहे. त्याचा मोबदला घासाघीस न करता द्या.

भगिनींनो, एक गोष्ट खास तुमच्यासाठी. शेंगांची चटणी, कडक भाकरी, पापड, कुरड्या हे तुमच्या हातचे. पण पाटीवर नाव धन्याचे, नाहीतर त्याच्या आजोबांचे! ज्या बाईचे हात उखळावर सोलून निघाले, तिचे नाव पाटीवर का नसावे? गिऱ्हाइकाच्या दृष्टीनेही तेच फायद्याचे आहे. चटणीच्या पाटीवर बाईचे नाव दिसले की विकत घेणाऱ्याला घरची चव आठवते. सावित्रीबाईंच्या हातची पाटी शाळेतली होती. आता बाजारातली पाटीही बाईच्या हाती येऊ द्या.

ह्यानंतरचा नियम सर्वांत जड आहे: पाटी खरी असली पाहिजे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल ही नावे भौगोलिक निर्देशनाच्या १९९९ च्या कायद्याखाली नोंदली गेली आहेत. ह्याचा अर्थ असा की 'सोलापुरी' हा शब्द ही आता आपल्या साऱ्या गावाची सामाईक जमीन आहे. कोणा एकाच्या नावावर तिचा सातबारा नाही, पण बाहेरच्याने तीत नांगर घालू नये असा हा कायदा आहे. तरी बाहेरगावी यंत्रावर काढलेला हलका माल 'सोलापुरी' म्हणून सर्रास विकला जातो. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! त्याने गिऱ्हाईक फसते, आणि एकदा धुतल्यावर चादर विटली की शिव्या बसतात त्या सोलापूरला, आपल्याला. पण मी विचारतो, आपल्यातलेच काहीजण बाहेरचा माल आणून त्यावर सोलापूरची चिठ्ठी लावीत असतील तर चोर कोणाला म्हणावे? बांध कोरणारा परका असो की भाऊबंद असो, जमीन दोघेही खातात. ज्यांनी रीतसर नोंद केली नसेल त्यांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करून घ्यावी, आणि मग पाटीवर छाती पुढे काढून लिहावे. खोटी पाटी गिऱ्हाईक एकदा आणते. खरी पाटी त्याच्या मुलालाही आणते.

खरेपणाबरोबर माणसाच्या जिवाचीही काळजी पाहिजे. १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमध्ये किवळे येथे वादळात लोखंडी फलक कोसळून पाच माणसे मेली. वारा-पावसापासून आडोसा म्हणून ती फलकाखाली उभी होती. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला पेट्रोलपंपावर प्रचंड फलक पडला आणि १७ जीव गेले. तो सुमारे १२० फूट लांब आणि तितकाच उंच होता. मुंबईत परवानगी असे ती ४० फुटांपर्यंत. कोणाच्या तरी हव्यासाने गरिबाचे घर उजाडले. आपल्याकडे वळवाचा वारा कसा सुटतो ते शेतकऱ्याला सांगायला नको. तो पत्रे उडवितो, मग फलक काय चीज आहे! म्हणून महानगरपालिकेची परवानगी घ्या, फलकाचा सांगाडा जाणत्या लोहाराकडून आणि अभियंत्याकडून तपासून घ्या, आणि मृगापूर्वी दरवर्षी पुन्हा पाहा. दुसऱ्याच्या भिंतीवर न विचारता रंगवू नका, सार्वजनिक भिंतीवर तर मुळीच नाही. १९९५ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. ब्राझील देशातल्या साओ पाउलो शहरात फलकांचा इतका सुळसुळाट झाला की २००७ पासून तेथे रस्त्यांवरचे सगळे जाहिरात-फलक बंद झाले. सर्वांनी एकदम ओरडले तर कोणाचेच ऐकू येत नाही, आणि शेवटी सर्वांचीच तोंडे बंद करावी लागतात.

शेवटी पैशाचा विचार. पाटीसाठी कर्ज काढू नका. पहिली पाटी आपल्या दारावर, दुसरी गल्लीच्या तोंडाशी, आणि त्या दोन्हींनी गिऱ्हाईक वाढले तरच तिसरी रस्त्यावर. गिऱ्हाईक वाढले की नाही हे कळावे कसे? दारी येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला विचारा, 'आमची वाट कशी सापडली?' आणि उत्तर वहीत टिपून ठेवा. तीन महिन्यांनी वही उघडा. पाटीने दहा माणसे आणली असतील तर पाटी ठेवा. एकही आणले नसेल तर शब्द बदला, नाहीतर जागा बदला. दहा विणकरांनी मिळून एक मोठा फलक घ्यावा, त्यावर आपल्या गल्लीचे नाव एकच घालावे आणि भाडे वाटून द्यावे, हे तर फारच चांगले. मोटेचे पाणी वाटून घेणाऱ्यांना हे अवघड नाही. एकटा विणकर दलालापुढे हात जोडतो, दहा विणकर एका पाटीखाली उभे राहिले तर दलालाला त्यांच्या दारी यावे लागेल.

बंधुभगिनींनो, ही गोष्ट उद्यावर टाकू नका. आज घरी जाऊन पोराची पाटी-पेन्सिल मागून घ्या. आपला माल काय, तो दुसऱ्यापेक्षा कशात चांगला, आणि तो मिळतो कोठे, हे फक्त पाच-सहा शब्दांत लिहा. जे खरे नसेल ते पुसा. जे नसले तरी चालेल तेही पुसा. मग ती पाटी रस्त्यापलीकडे भिंतीला टेकवा, शेजारच्या चौथीतल्या मुलीला बोलवा आणि तिच्याकडून एका दमात वाचून घ्या. ती अडखळली तर पुन्हा लिहा. ती न अडखळता वाचील त्या दिवशी रंगाऱ्याकडे जा.